आनुवंशिकतेचे टक्के नेमके कशाचे?

महोदय,

उंची सुमारे 80 टक्के आनुवंशिक असते, असे वाचले की माणसाच्या उंचीतले चार हिस्से जनुकांचे आणि एक आहाराचा, असा अर्थ सुशिक्षित मंडळीही सर्रास काढतात. तो चुकीचा आहे. ही टक्केवारी व्यक्तीची नसते. विशिष्ट समूहात, विशिष्ट परिस्थितीत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती वाटा जनुकीय भेदांशी निगडित आहे, एवढेच ती सांगते. म्हणूनच सर्वांना सारखे पोषण मिळू लागून आहारामुळे पडणारा फरक घटला, तर ती वाढू शकते. शिवाय, आनुवंशिक म्हणजे अटळ असेही नाही. फिनाइलकीटोन्यूरिया हा विकार आई-वडील दोघांकडूनही एकाच जनुकाची सदोष प्रत आल्याने होतो. तरीही जन्मानंतर लगेच निदान होऊन फिनाइलॲलानिन हा प्रथिनांतला घटक अत्यल्प असलेला आहार सुरू केल्यास मेंदूची गंभीर हानी टाळता येते, जनुकातला दोष मात्र तसाच राहतो.

– एक वाचक