डेकच्या बोर्डाचे बिल नीट लिहून घ्या

संपादक महोदय,

पाऊस पूर्ण थांबला की बंगल्यांच्या अंगणात आणि गच्च्यांवर डेक (बोर्ड शेजारी शेजारी जोडून केलेली उघडी जमीन) बसवण्याची कामे सुरू होतात. सागवानाचा भाव ऐकून बरेच जण ‘डब्ल्यूपीसी’कडे, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या बोर्डांकडे वळतात. पर्याय चांगला आहे. अडचण एवढीच, की या नावाखाली दोन निराळ्या वस्तू विकल्या जातात आणि बिलावर मात्र तीन अक्षरेच असतात.

त्यातली एक वस्तू म्हणजे पीव्हीसी फोमचा बोर्ड. स्वयंपाकघरातली कपाटे, बाथरूमची दारे यांसाठी तो योग्य आहे. उघड्या अंगणात पायाखाली घालण्यासाठी तो बनवलेलाच नाही. उन्हात मऊ पडतो, वाकतो, खुर्चीच्या पायांनी खळगे पडतात. दुसरी वस्तू म्हणजे एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिथिन) प्लास्टिक आणि भुसा यांचा खास डेकसाठी काढलेला बोर्ड. यात भुशाचे प्रमाण साधारण निम्मे किंवा थोडे जास्त असते. ओळखायचे कसे? कापलेला तुकडा बादलीत टाका. फोम तरंगतो, एचडीपीई-भुशाचा भरीव तुकडा बुडतो, कारण त्याची घनता पाण्याच्या सव्वापट असते. 140 मिमी रुंद आणि 25 मिमी जाड भरीव बोर्ड मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो. बाहेरच्या वापरासाठी आवरण घालून बनवलेले पीव्हीसीचे डेक-बोर्डही असतात आणि तेही तरंगतात. पण मग विक्रेत्याने तसे स्पष्ट लिहून द्यावे.

पुढचा प्रश्न आवरणाचा. बिनआवरणाचा बोर्ड स्वस्त पडतो, पण त्यातला भुसा पाणी पितो. कोकणात किंवा लोणावळा-महाबळेश्वरच्या पावसात त्यावर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि पहिल्या पावसात निथळणारे तपकिरी पाणी शेजारच्या फरशीवर डाग पाडते. अशा ठिकाणी चारही बाजूंनी प्लास्टिकचे आवरण असलेलाच बोर्ड घ्यावा. तीन बाजूंच्या आवरणात खालची बाजू उघडी राहते आणि ओल तर खालूनच येते. पोकळ बोर्ड टाळता आले तर उत्तम, कारण पोकळीत पाणी आणि माती साचते. विदर्भ-खानदेशात मात्र रंग आधी ठरवा. गडद बोर्ड दुपारी अनवाणी पायाला सोसत नाही.

सगळ्यात जास्त कामे बिघडतात ती फटींमुळे. सागवान उष्णतेने लांबीत जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे सुताराच्या हाताला सांधा घट्ट बसवण्याची सवय असते. हा बोर्ड मात्र वाढतो: तीन मीटरच्या बोर्डाला 40 अंशांच्या फरकाने साधारण 5 मिमी. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत बोर्डाच्या पृष्ठभागाच्या तापमानाचा फरक सहज एवढा होतो. टोकाला टोक टेकवले की उन्हाळ्यात बोर्ड एकमेकांना ढकलतात, सांध्यावर वर उचलले जातात आणि बोर्डांना खालच्या सांगाड्याशी धरून ठेवणाऱ्या क्लिपा सुटतात. म्हणून टोकांमध्ये 5-6 मिमी आणि भिंतीपाशी किमान 10 मिमी फट हवी. काम थंड सकाळी चालले असेल तर फट थोडी जास्त ठेवावी, भर दुपारी तापलेल्या बोर्डांवर चालले असेल तर कमी चालते. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात असतो. तो मिस्त्रीच्या हातात द्या.

बोर्डांना खालून आधार देणाऱ्या सांगाड्याच्या पट्ट्या म्हणजे जॉइस्ट. त्यांच्यामधले अंतर भरीव बोर्डाला मध्यापासून मध्यापर्यंत 350 मिमी आणि पोकळ किंवा तिरक्या मांडणीला 300 मिमीपेक्षा जास्त नको. दोन बोर्डांची टोके जिथे भेटतात तिथे दोन जॉइस्ट शेजारी शेजारी घ्या, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतःचा आधार मिळतो. डब्ल्यूपीसीचा जॉइस्ट तुळईचे काम करत नाही. अधांतरी ठेवायचा असेल तर गॅल्व्हनाइज्ड किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पाइप वापरा. क्लिपा आणि स्क्रू 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे, समुद्राजवळ 316 चे.

गच्चीवर जॉइस्टसाठी स्लॅबला भोके पाडू देऊ नका. वॉटरप्रूफिंग फुटते आणि गळती कुठून सुरू झाली ते डेकखाली सापडत नाही. उंची कमी-जास्त करता येणारे प्लास्टिकचे पेडेस्टल मिळतात, त्यांवर सांगाडा उभा करा. जॉइस्ट उताराच्या दिशेने ठेवा. आडवे टाकले तर प्रत्येक जॉइस्ट बांध होऊन बसतो. पावसाळी पाइपाच्या तोंडावरचा डेकचा भाग सुटा ठेवा, पाचोळा काढावाच लागतो.

3.6 गुणिले 3 मीटरच्या डेकचा हिशेब असा: 140 मिमी रुंदीचे तीन मीटरी बोर्ड 6 मिमी फटीने 25, जॉइस्ट 3.6 मीटरचे 10, क्लिपा सुमारे 240 आणि कडेच्या वेगळ्या 20. कापण्यात वाया जाते म्हणून बोर्ड दोन-तीन जास्त आणा.

पणत्या थेट बोर्डावर ठेवू नका, खाली फरशीचा तुकडा घ्या. वितळलेला डाग घासून जात नाही. कुंड्यांना पाये द्या. धुण्यासाठी साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश पुरे, जोराच्या फवाऱ्याने आवरण उचकटू शकते.

विक्रेत्यांना आमची विनंती आहे की बिलावर प्लास्टिकचा प्रकार, भरीव की पोकळ, आवरण किती बाजूंना, घनता आणि जॉइस्टमधले कमाल अंतर लिहावे. ग्राहकांनीही ते लिहून मिळेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नये आणि बोर्ड बसवण्यापूर्वी सांगाड्याचे फोटो मोजमापाची टेप लावून काढून ठेवावेत. वॉरंटीचा दावा बहुधा जॉइस्टच्या अंतरावरच अडतो आणि तोवर सांगाडा झाकला गेलेला असतो.

आपले विश्वासू,
डेकचे काम करणारे काही वाचक, पुणे