चिंदी निळी आली म्हणजे नळीत तांबं आहे असं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला नेमबाजीचा लेख वाचला. स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिसला ब्राँझ आणलं तेव्हापासून आमच्या कोल्हापूरकडं पोरं रेंजवर जास्तच जायला लागलीत, त्यामुळं लेख आला ते बरंच झालं, पण शेवटी पिस्तुलाची नळी साफ करायची जी चौकट दिलीय ती वाचून राहवलं नाही. कॉपर सॉल्व्हंट, म्हणजे तांबं विरघळवणारं अमोनियाचं औषध, घाला आणि नळीतनं ओढलेली कापडाची चिंदी निळी यायची थांबेपर्यंत पुसत रहा म्हणे, कारण विरघळलेलं तांबं निळं दिसतं.

अहो, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियाडला ज्यात गोल्ड मारलं तो पंचवीस मीटरचा इव्हेंट पॉइंट टू-टूच्या (.२२ इंची नळीच्या) पिस्तुलानं खेळतात आणि त्याची मॅचची गोळी म्हणजे उघडं शिसं, वरून थोडं मेण नाहीतर ग्रीस, बास. अमोनियावालं औषध तांबं विरघळवतं, शिशाला ढिम्म काही होत नाही. नऊ एमएमच्या तांब्याचं वेष्टन असलेल्या गोळीला ते ठीक आहे.

मग निळं येतं कुठनं? ब्रशातनं! ब्राँझ म्हणजे बहुतांशी तांबंच की. मुलीच्या पिस्तुलावर मी दोन संध्याकाळी घालवल्यात, चिंदी आपली निळी ती निळीच, शेवटी रेंजवरच्या एका रिटायर्ड फौजी काकांनी हसत हसत नायलॉनचा ब्रश हातात दिला आणि दोन चिंद्यांत निळं गायब. शिसं मात्र जिथल्या तिथं, चेंबरच्या (गोळी बसते त्या खोबणीच्या) पुढं आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचा, सुरू होतात तिथं राखाडी पट्टे.

ते घासूनच निघतं. आधी मॅगझिन काढून चेंबर रिकामं आहे ना ते बघायचं, मग तेल सोडून रात्रभर ठेवायचं, जुन्या ब्राँझच्या ब्रशाला तांब्याच्या घासणीचे दोन-चार धागे गुंडाळायचे आणि जमत असेल तर मागच्या बाजूनं घासायचं, पुढनं रॉड घातला तर नळीचं तोंड झिजतं आणि मग ग्रुप फाकतो, म्हणजे गोळ्या एका जागी न बसता विखुरतात. घासणी घेताना चुंबक लावून बघा, चिकटली तर आत लोखंड आहे, ती भांड्यांनाच राहू दे.

व्हॉट्सॲपवर व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपाय फिरतोय तो कुणी करू नका. शिसं विरघळतं खरं, पण त्याचं लेड ॲसिटेट होतं, पाण्यात मिसळणारं विष, वर नळीचं ब्लूइंग, म्हणजे गंजापासून वाचवणारा काळा-निळा थर, तेही खातं. तसंही शेंगदाणे खात खात पिस्तूल पुसणारी पोरं मी बघितलीत, आधी साबणानं हात धुवा रे बाबांनो.

तेवढी दुरुस्ती येत्या रविवारी छापावी, आणि दहा मीटरच्या एअर पिस्तुलात हे ब्रश-औषध काहीच घालायचं नसतं, फेल्टच्या (दाबलेल्या लोकरीच्या) साफसफाईच्या गोळ्या मारल्या की झालं, हेही त्यात टाकावं.

आपला,
एका नेमबाज मुलीचा बाप, कोल्हापूर