अमावास्येचं पुस्तक

प्रिय मनू,

तुझं 'न्यू मून' वाचून झालं. परत करताना त्यातच हे पत्र ठेवतोय. समोर बसून बोलायला लागलो की तू दुसऱ्याच वाक्याला "बाबा, बेलासाठी कोण बरा, तू टीम एडवर्ड की टीम जेकब ते सांग आधी" म्हणणार आणि बाकीचं राहूनच जाणार.

मालिकेतलं पहिलं पुस्तक, 'ट्वायलाइट', मी खरं तर तुझ्यावर लक्ष ठेवायचं म्हणून वाचलं होतं. कबूल. नायिका बेलाच्या खोलीत रात्री खिडकीतून शिरून ती झोपलेली बघत बसणारा व्हॅम्पायर एडवर्ड, हे वाचून मी काही खूश झालो नव्हतो. (अजूनही नाही.) दुसरं पुस्तक मात्र आपणहून उचललं. तू बजावलं होतंस, की हे जरा कंटाळवाणं आहे, एडवर्ड जवळजवळ नाहीच त्यात. मला नेमकं तेच आवडलं.

'न्यू मून'चं मराठीत 'नवा चंद्र' करून बघ. काही हाती लागत नाही. आपला शब्द अमावास्या, आणि पुस्तक अमावास्येचंच आहे. वाढदिवसाच्या भेटीचा कागद उघडताना बेलाचं बोट कापतं, रक्ताचा थेंब येतो, एडवर्डचा मानलेला भाऊ जॅस्पर, तोही व्हॅम्पायर, तिच्यावर झेपावतो. एवढ्याशा कागदाच्या धारेवर सगळं फिरतं. काही दिवसांनी एडवर्ड तिला जंगलात नेऊन सांगतो की आम्ही चाललो. मग येतात ती पानं, ज्यांच्यावर फक्त महिन्यांची नावं आहेत: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी. मला आधी वाटलं छपाईत घोळ झालाय. परत मागे जाऊन पाहिलं, तेव्हा लक्षात आलं. तिच्याकडे त्या चार महिन्यांबद्दल सांगायला एक ओळही नाही. लेखिकेने आधी पानंच्या पानं दुःख वर्णन केलंय, ते मी भराभर उलटलं होतं. या पानांवर मात्र थांबलो.

तू ती पानं बेलाच्या बाजूने वाचली असशील. मी तिच्या वडिलांच्या, चार्लीच्या बाजूने वाचली.

कथा बेला सांगते, त्यामुळे चार्ली आपल्याला दाराच्या फटीतून दिसावा तसाच दिसतो. पण त्या कोऱ्या महिन्यांत तो घरातच होता ना? मुलगी रात्री झोपेत किंचाळते, सकाळी उठून शाळेत जाते, मार्क चांगले आणते, विचारलं तर "ठीक आहे" म्हणते. त्याने काय करायचं? जानेवारीत एकदा तो टेबलावर मूठ आपटतो आणि म्हणतो, तुला आईकडे पाठवतो. त्याला वाटतं त्याने काहीतरी उपाय काढलाय. बेलाला कळतच नाही की आपण काय चुकलो. तो प्रसंग मी दोनदा वाचला. "ठीक आहे" हे उत्तर या घरातही चालतं, म्हणून असेल.

आणि मग मोटरसायकली. धोका पत्करला की तिला एडवर्डचा आवाज ऐकू येतो, म्हणून ती मुद्दाम धोक्यात जाते, शेवटी कड्यावरून समुद्रात उडी मारते. यावर मी तुला भाषण देणार नाही. एवढंच, की लेखिकेने ती ओढ खरी लिहिलीय आणि म्हणून मला भीती वाटली. चार्ली पोलीस, रस्त्यावरचे अपघात बघितलेला, त्याने मोटरसायकलवर बसणार नाही असं वचन घेतलेलं. त्याला कळूही न देता हे सगळं चालतं. कधी असा एखादा आवाज ऐकावासा वाटला, तर आधी मला उठव. रात्री कितीही वाजता.

एडवर्डवर माझा राग वेगळाच आहे. तो तिच्या भल्यासाठी जातो म्हणे. तिला विचारलं? नाही. खोटं सांगितलं, की तू मला नकोस. वर, चार्लीसाठी तरी स्वतःला सांभाळ, असंही बजावून गेला. फोटो आणि गाण्यांची सीडी तिच्याच खोलीच्या जमिनीच्या फळ्यांखाली लपवून ठेवली, म्हणजे आठवणीही त्याच्या परवानगीने. हे लिहिताना तुझे सायन्सचे फॉर्म मी परस्पर भरले होते ते आठवलं. तेही तुझ्या भल्यासाठीच होतं. तेव्हा एडवर्डबद्दल फार बोलत नाही.

शेवटचा इटलीचा भाग मला घाईघाईचा वाटला. बेला मेली असा एडवर्डचा गैरसमज, मग त्याचं मरायला निघणं. सुरुवातीलाच 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधल्या ओळी दिल्यात, त्यामुळे आपण आधीच सावध असतो. पण चिठ्ठीपाशी अडखळलो. चार्लीचा जुना मित्र नुकताच गेलाय, तो त्या गडबडीत, आणि मुलगी चार ओळी लिहून एडवर्डला वाचवायला परदेशी निघून जाते. घरी येऊन त्याने ती कशी वाचली, कुठे बसून वाचली, हे पुस्तकात नाही. मला ते प्रकरण हवं होतं.

जेकब, बेलाचा मित्र, चांगला मुलगा आहे. भंगारातल्या मोटरसायकली चालू करून देतो, बेलाला हसवतो, लांडगा होतो त्याला त्याचा काय दोष. तरी मी टीम चार्ली. अशी टीम नसते म्हणशील, पण आता आहे.

तिसरं पुस्तक, 'एक्लिप्स', तुझ्या कपाटात शोधलं, दिसलं नाही. कुठे ठेवलंयस?

तुझा,
बाबा