बाबांच्या डाव्या बाजूने

नागपूर,
श्रावण शुद्ध पंचमी

ती. बाबा आणि आई यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, या पत्राच्या प्रत्येक पानाला डावीकडे स्केचपेनने जाड लाल रेघ मारली आहे. पत्र तुम्हीच वाचायचं, मोठ्याने, आणि आईने ऐकायचं. ओळ संपली की मान डावीकडे वळवत न्यायची, लाल रेघ दिसली की मगच पहिला शब्द वाचायचा. एखादं वाक्य तुटक लागलं तर माझं मराठी बिघडलंय असं समजू नका, तुम्ही ओळ मधूनच धरली आहे. मागे जा. ‘सकाळ’च्या एका स्तंभालाही दादाने रोज अशीच लाल रेघ मारून द्यायची. एका वेळी एकच स्तंभ. राशिभविष्य चालेल, अग्रलेख इतक्यात नको.

तुमचे डोळे चांगले आहेत. पक्षाघाताची गुठळी मेंदूच्या उजव्या भागात झाली, आणि डावीकडे काय आहे याची दखल घेण्याचं काम बरंचसं तोच भाग करतो. डावा हात-पाय दुबळा झालाय हे तर सगळ्यांनाच दिसतं. डावीकडचं जगच निम्मं पुसलं गेलंय हे कोणाला दिसत नाही, तुम्हालाही नाही. त्यात तुमचं बोलणं शाबूत, विनोद शाबूत, म्हणून भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, “छान सुधारलेत की!” अशाच पेशंटची पडझड जास्त होते. आपल्याला जमतंय असं त्यांना मनापासून वाटतं आणि ते एकटे उठतात. तेव्हा बाबा, उठण्याआधी बेल. बेल आणि पाण्याचं भांडं उजव्या हाताशी, आणि माणसांची खुर्ची मात्र डावीकडे. आई, तू डावीकडे बसूनच बोल. त्यांनी मान वळवली नाही तर उजवीकडे येऊ नकोस, डाव्या हातावर हात ठेव आणि पुन्हा हाक मार. नेहमीचं जेवण सुरू झालं की पानातली डावी बाजू, चटणी-कोशिंबीर, तशीच राहील. ताट फिरवून द्यायचं नाही. “डावी बाजू राहिली” एवढंच म्हणायचं.

आता आईसाठी, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. बाबांना वर सरकवताना किंवा उठवताना डावा हात धरून ओढायचं नाही. काखेत हात घालून उचलायचंही नाही. खांद्याचा सांधा उथळ असतो, त्याला जागेवर धरून ठेवतात ते स्नायू. ते स्नायू आत्ता ढिले आहेत, त्यामुळे हाताच्या नुसत्या वजनाने सांधा खाली उतरतो. खांद्याच्या हाडाच्या टोकाखाली बोट ठेवून बघ, खोबण लागेल. अशा वेळी एक जोराचा हिसका बसला तर पुढचे कित्येक महिने खांदा दुखत राहतो, आणि खांदा दुखला की माणूस फिजिओला नाही म्हणायला लागतो. वॉर्डात नवीन मामा-मावशी ड्युटीवर आले की हे पहिलं सांगायचं. पलंगाच्या डोक्याशी मोठ्या अक्षरात कागदही चिकटव: ‘डावा हात ओढू नये. बीपी आणि सुई उजव्या हाताला.’

बसलेले असताना डावा हात मांडीवरून खाली लोंबकळू द्यायचा नाही. समोर उशी, तिच्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सगळा हात. पंजा सुजत असेल तर बोटांकडची बाजू थोडी उंच. गळ्यातली झोळी फक्त उभं राहताना आणि चालताना. दिवसभर घातली तर हात पोटाशी दुमडलेल्या स्थितीतच आखडतो. कोणीतरी मऊ बॉल आणून देईल, हमखास देतात. तो नातवंडांना द्या. बोटं मिटायला आपसूक शिकतात, उघडायला शिकवावी लागतात. छताच्या कप्पीला दोरी बांधून हात वर ओढायचा प्रकारही नको, या खांद्याला तो घातक. तेल लावायचं तर लावा, पण हलक्या हाताने, रगडून नाही. आणि डाव्या अंगाला शेकायची पिशवी अजिबात नको. चटका बसलेला त्यांना कळणार नाही, फोड आलेला तुला दिसेल.

कुशीवर वळवणं दर २ तासांनी, रात्रीसुद्धा. डाव्या कुशीवर झोपवलं तरी चालतं, मात्र खांदा अंगाखाली चेपलेला नको, पुढे काढून ठेवलेला हवा. टाचा गादीवर टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी. सकाळी अंग पुसताना माकडहाड, दोन्ही टाचा आणि खुबे बघ. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, पण लालच राहिला तर ती बेडसोरची सुरुवात. त्या बाजूला झोपवणं बंद आणि सिस्टरला लगेच सांगणं. त्या जागेवर चोळायचं नाही आणि मधे भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडेवर रक्तपुरवठा आणखी अडतो.

जेवणाबद्दल तुझी तक्रार दादाकडून कळली. पाण्यात ते दाट करायची पावडर कालवून द्यायची म्हणजे शिक्षाच, कबूल. पण गिळायला सगळ्यात अवघड पातळ पदार्थच. पाणी आणि चहा घशात इतक्या वेगाने उतरतात की श्वासनलिका मिटायला वेळ मिळत नाही. ठसका लागला तर निदान कळतं तरी. काहींना ठसकाही लागत नाही, घोटानंतर आवाज नुसता ओलसर, घरघरता होतो आणि दोन दिवसांनी ताप येतो. म्हणून दर चार-पाच घासांनी “आऽ” म्हणायला लावून आवाज ऐकायचा. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच, स्पीच थेरपिस्टने सांगितली तेवढी दाट. ढवळून काही मिनिटं थांबायचं. लगेच दाट दिसत नाही म्हणून आणखी टाकलीस तर खळ होईल. पावडर स्टार्चची असेल तर तोंडातून आलेला चमचा पुन्हा कपात बुडवायचा नाही, लाळेने ती पातळ होते. लागेल तेवढं छोट्या वाटीत वेगळं काढून घे.

घट्ट आणि पातळ एकत्र असलेलं काही नको. म्हणजे पाणीदार आमटीत शितं, दुधात कुस्करलेली भाकरी, चहात बुडवलेलं बिस्किट. दूध पुढे निसटतं आणि भाकरी मागे राहते. पोहे, साबुदाण्याची खिचडी, चिवडा सध्या बंद. गुरगुट्या भात तूप घालून घोटलेला, मुगाचं दाट वरण गाळून, गुठळ्या न राहिलेलं दही, शिजवून कुस्करलेला भोपळा, हे चालेल. पाठ ताठ ९० अंशांत, चहाचा चमचा, घास उजव्या गालाकडे. जेवण झालं की डाव्या गालात बोट किंवा ओला गॉझ फिरवून बघायचं, तिथे घास तसाच पडून असतो आणि बाबांना पत्ता नसतो. त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. बाबा, १ ते ४ ची झोप कोणी काढून घेत नाहीये. ती दीडला सुरू होईल इतकंच.

पोट साफ होत नाही म्हणून इसबगोल देऊ नकोस. घशात अडकलं तर तिथेच फुगतं. डॉक्टरांकडून पातळ औषध मागून घे, तेही दाट करूनच द्यायचं. आणि गोळ्या सरसकट कुटायच्या नाहीत. हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. कुठली कुटायची आणि कुठली नाही, हे डॉक्टरांकडून यादीवर खूण करून घे.

पलंगावरून व्हीलचेअरवर नेताना खुर्ची नेहमी बाबांच्या उजव्या अंगाला, पलंगाला थोडी तिरपी. दोन्ही ब्रेक, पाय ठेवायच्या पट्ट्या वर. आधी पाय खाली सोडून काही मिनिटं नुसतं बसायचं. इतके दिवस आडव्या राहिलेल्या माणसाचं बीपी एकदम खाली येतं. चक्कर आली तर पुन्हा आडवं. मग बूड कडेला, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, आणि बाबा, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईपर्यंत वाकायचं. वाकल्याशिवाय बूड उचलत नाही, आणि घाबरून मागे रेललात की आईच्या कमरेवर येता. आई, तू समोर पण डावीकडे, तुझा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकवून, हात कमरेच्या पट्ट्याला. पायजम्याच्या नाडीला नाही, ती सुटते! डावा ब्रेक बाबा रोज विसरतील, म्हणून त्याच्या दांड्याला लाल फडकं गुंडाळ. खुर्ची ढकलण्याआधी डावं पाऊल पट्टीवर आहे ना आणि डावा हात चाकाबाहेर लोंबत नाही ना, बघून घे. बोटं चाकात अडकतात.

सदरा घालताना आधी डावी बाही, काढताना आधी उजवी.

पायाच्या स्प्लिंटबद्दल. पाऊल लोळतं म्हणून तो प्लास्टिकचा साचा दिलाय. आत लांब सुती मोजा, आणि वरून बूट हवाच. नुसत्या स्प्लिंटवर फरशीवरून चाललात तर घसरलात. तेव्हा आई, घरात बूट चालवून घ्यावे लागतील, स्वयंपाकघरातसुद्धा. एक नंबर मोठा, वेलक्रोचा, फक्त घरात वापरायचा वेगळा जोड घ्या. देवांची मी समजूत काढते. स्प्लिंट काढल्यावर उमटलेला लाल ठसा २० मिनिटांत गेला नाही तर साचा बनवणाऱ्याकडे परत न्यायचा, आत कापूस कोंबायचा नाही.

आता जिना. घरी न्यायची घाई सगळ्यांना आहे, पण या जिन्याचा विचार कोणी केलेला दिसत नाही. आपल्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि कठडा चढताना उजव्या हाताला येतो. म्हणजे बाबा उजव्या हाताने कठडा धरून चढतील, उजवा पाय आधी, मग डावा. उतरताना डावा पाय आधी, मग उजवा. पण उतरताना तोच कठडा डाव्या हाताला येतो, आणि त्या हाताचा उपयोग नाही. घरी चढून गेलेला माणूस फॉलोअपला खाली येऊ शकत नाही, असं होतं. म्हणून भिंतीच्या बाजूनेही पाइप बसवून घ्यायचा, मुठीत मावेल असा, साधारण दीड इंच जाडीचा, भिंतीपासून पंजा जाईल एवढा सुटा, आणि शेवटच्या पायरीच्या पुढेही फूटभर गेलेला. दादाने सोसायटीच्या चेअरमनना आजच विचारावं. सदाशिव पेठेत परवानगीला कामापेक्षा जास्त दिवस लागतात. काठी उजव्या हातात, तिची मूठ मनगटाच्या घडीशी, आणि खालचं रबर झिजलं की लगेच बदलायचं. श्रावणात जिना दिवसभर ओला असतो.

पहिल्या दिवशी उचलूनच न्यावं लागेल. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नाही, तिचे पाय फाकतात. लाकडी हातांची भक्कम खुर्ची, छातीशी आणि मांडीवर पट्टा, डावा हात पट्ट्याच्या आत. वर नेताना बाबांची पाठ वरच्या पायऱ्यांकडे. सगळ्यात ताकदीचे दोघे खाली, दर जिन्याला खुर्ची टेकवून दम घ्यायचा. पर्वतीच्या १०३ पायऱ्या राहू देत, आपले दोन मजले आधी. आणि डिस्चार्ज लांबत गेला तर अनंत चतुर्दशी आणि तिच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सोडून द्या. टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता, कुमठेकर, केळकर सगळे बंद, ॲम्ब्युलन्स पेठेत शिरणार कुठून?

बाथरूमचं दार दादाने मोजावं, चौकटीच्या आतून. साधी व्हीलचेअर बाहेरून २५-२६ इंच असते, आपलं दार २४ च्या पुढे असेल असं वाटत नाही. मग दारापर्यंत व्हीलचेअर आणि आत चाकांची कमोड-खुर्ची, ती अरुंद मिळते. दोन्ही भाड्यानेच घ्या, तीन महिन्यांनी गरज बदलते. कमोडच्या उजव्या भिंतीला आडवा बार, भिंतीत नीट ड्रिल करून. टॉवेलच्या दांडीला धरून उठायचं नाही, ती टाइलसकट हातात येते. मोरीचा उंबरठा फोडून टाका.

डिस्चार्जच्या आधी एक अट घाला: आईने फिजिओसमोर एकटीने तीनदा पलंग ते खुर्ची करून दाखवायचं. कागदावर लिहून दिलेले व्यायाम घरी आल्यावर उशीखाली जातात, हाताला बसलेली सवय राहते. फिजिओ दिवसात पाऊण तास येणार, उरलेला दिवस तूच. पहिले तीन महिने सुधारणा सगळ्यात वेगाने होते. नंतरही होते, पण सावकाश.

कधी बाबांना उगाच रडू येईल, बातम्या बघतानासुद्धा. ते दरवेळी दुःखाचं नसतं, मेंदूचा आवर सुटलेला असतो. विषय बदलला की थांबतं. पण जेवण, झोप आणि व्यायाम तिन्हींवरून मन उडालं तर डॉक्टरांना सांगा, त्यावर औषध आहे. आणि तोंड नव्याने वाकडं झालं, उजवा हात गळाला किंवा बोलणं अडखळलं, तर साखरपाणी, कांदा हुंगवणं असलं काही न करता १०८. किती वाजेपर्यंत ठीक होते ते घड्याळात बघून लिहून ठेवायचं, हॉस्पिटलात पहिला प्रश्न तोच विचारतात.

आई, तुझी कंबर ही घरातली एकुलती एक कंबर आहे. रात्रीच्या १२ तासांसाठी नर्सिंग ब्यूरोचा माणूस घ्या, त्यावर वाद नको. दोन वाजता आणि चार वाजता कूस तो बदलेल. आठवड्यातून दोन संध्याकाळी दादा बसेल आणि तू सारसबागेत जाऊन ये. मी गणपतीच्या आधी येतेय, तोवर रोज रात्री ९ ला फोन.

बाबा, प्रत्येक पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात, लाल रेघेच्याही पलीकडे, मी एक आकडा लिहिला आहे. आज फोनवर चारही आकडे ओळीने सांगा. आईने खाणाखुणा करायच्या नाहीत.

तुमची,
सुमी