म्हशाच्या बैलबाजारातल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत बैलजोडी घ्यायला आलेल्या आम्हा ठाणे-कळव्याच्या मंडळींसाठी तुम्ही अख्खी सकाळ घालवलीत. ना दलाली घेतलीत, ना आम्हाला चहाचे पैसे देऊ दिलेत. नाव-गाव विचारायचं राहिलंच, म्हणून हे उघडं पत्र. येत्या पौष पौर्णिमेच्या जत्रेला जे जातील त्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

पहिले आभार वेळेचे. ठाण्याकडचे लोक आधी खांबलिंगेश्वराच्या देवळातली रांग, मग पाळणे, घोंगड्या, आणि उन्हं चढल्यावर बैल, असे फिरतात. तुमचा हिशेब उलटा. कल्याणहून लवकरची एसटी धरून मुरबाड, तिथून म्हसा आणि थेट दावणीवर, म्हणजे बैल बांधलेल्या रांगेवर. रात्रभर बसलेलं जनावर सकाळी उठतं तेव्हा आखडलेला सांधा पहिल्या दहा-वीस पावलांतच बोलतो. दुपारपर्यंत फिरवून फिरवून पाय मोकळा होतो आणि लंगडणं झाकलं जातं. देव काही संध्याकाळी उठून जात नाही, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं.

नवखा माणूस शिंगं, झूल आणि गोंडे बघत बसतो. तुम्ही खुरांकडे बघायला लावलंत. बैल मऊ मातीत चालवून बघू नका, कडक रस्त्यावर न्या. सरळ चालवा, मग डावीकडे आणि उजवीकडे वळवा. दुखरा पाय वळताना हटकून आखडतो. दोन खुरांच्या बेचक्यात जखम किंवा घाण वास असेल तर लाळ्या-खुरकुत रोगाची शंका घ्यायची. शिंगं तासून तेल लावलेली असतील तर वयाची वलयं गेली असं धरायचं आणि दात बघायचे. दोन दाती म्हणजे साधारण दोन-अडीच वर्षं. आठही दात जुळायला पाच वर्षं लागतात. वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. हे ठाऊक नसलेला गिऱ्हाईक ‘दात पडलेत’ म्हणून भाव पाडायला जातो आणि सगळी दावण हसते.

डोळ्याची परीक्षा तर आम्ही वर्षानुवर्षं चुकीचीच करत होतो. पंजा झपकन हलवला की वाऱ्यानेही पापणी मिटते, आंधळ्या डोळ्याचीसुद्धा. तुम्ही एकच बोट बाजूने सावकाश आणायला शिकवलंत. मानेवर जू टेकतं तिथे तळवा दाबून धरायचा. हाताला गरम लागलं किंवा बैलाने अंग चोरलं तर खांदा आलाय, म्हणजे जुवाने सुजलाय, आठवडाभर तरी जुंपता येणार नाही.

सगळ्यात मोलाचं म्हणजे बाजू. दोन्ही बैल एकेकटे उत्तम, पण दोघांनाही जुवाच्या उजव्या अंगालाच चालायची सवय असेल तर ती जोडी नव्हे. जुंपून चार पावलं चालवल्याशिवाय इसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, द्यायचा नाही, हे तुम्ही तीनदा बजावलंत. दोन बैल तेवढ्यावरच बाद झाले.

खिलार जातीचा बैल घ्यायचा मोह तुम्हीच मोडलात. बैलगाडा शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा शर्यतींचा कायदा उचलून धरला, तेव्हापासून चपळ खिलाराच्या किमतीत शर्यतीची आशाही मोजावी लागते. आपल्याकडच्या भातखाचरातल्या चिखलणीला डांगी जातीचा बैल बरा. त्याची कातडी तेलकट, पाऊस अंगावरून निथळतो. खुरं काळी आणि टणक, चिखलात लवकर सडत नाहीत.

उपरण्याखालचा सौदा, म्हणजे कापडाआड एकमेकांची बोटं धरून भाव ठरवणं, मात्र अजून जमत नाही. एक बोट म्हणजे एक, पण एक हजार की दहा हजार, हे आधी तोंडाने ठरवून घ्यायचं. तिथेच भांडणं होतात. शेजारच्या दावणीवर आमच्या डोळ्यांदेखत झालं!

कागदांची घाईही तुम्हीच केलीत. जून २०२४ पासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्यावरचा बारा आकडी क्रमांक आणि पावतीवरचा क्रमांक तिथेच ताडून बघायचा; एक आकडा चुकला तर वाटेत गाडी अडकते. पावती आणि पशुवैद्यकाचा दाखला गाडीच्या चालकाकडे द्यायचा. एका ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं नकोत, तोंडं इंजिनकडे, खाली पेंढ्याचा जाड थर. निघण्याआधी पाणी पाजायचं, पण पोट टम्म भरू द्यायचं नाही. विकणारा बहुधा आपलं दावं सोडून घेतो, म्हणून नवी दोन दावी आधीच विकत घ्यायची. ही एवढी गोष्ट कोणीच सांगत नाही, आणि ऐन वेळी तीच नडते.

घरी आणल्यावर तीन आठवडे जुन्या गुरांपासून लांब, वेगळ्या घमेल्यात पाणी. चारा आठवडाभरात हळूहळू बदलायचा. गुरांच्या लम्पी त्वचारोगाच्या साथीत, २०२२ साली, बाजार का बंद ठेवले होते ते तुम्ही आठवण करून दिलंत, म्हणून ही शिस्त कंटाळा न करता पाळली.

जोडीतला तांबडा डाव्या अंगाला आणि पांढरा-काळा उजव्या अंगाला, तुम्ही खडूने शिंगांवर खूण केलीत तसाच जुंपतो. खूण पुसली गेली, सवय राहिली. पौष पौर्णिमेला पुन्हा येतोय. या वेळी चहा आमच्याकडून.

तुमची,
ठाणे-कळव्याची मंडळी