आधी मीठ-पाणी, मग वाफ

नागपूर,
१२ जानेवारी

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. नाक चोंदलंय, गाल जड झालेत, वाकलं की कपाळ ठणकतं, अन् त्यावर तू दिवसातून चारदा निलगिरीची वाफ घेतोयस! लेका, क्रम उलटा झालाय. आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, मग वाफ. काढा-बिढा त्यानंतर.

गालाच्या हाडातली पोकळी, म्हणजे सायनस, नाकात जिथं उघडते ते भोक तळाशी नसतं, वरच्या अंगाला असतं. त्यामुळे बसल्या-बसल्या शेंबूड निथळत नाही. आतली बारीक लव तो वर ढकलते. शेंबूड घट्ट झाला, भोकाशी सूज आली, की सगळं तुंबतं. मीठ-पाण्यानं तो पातळ होऊन वाहून जातो. निलगिरीनं मोकळं वाटतं खरं, पण सूज जागच्या जागी असते.

अर्धा लिटर पाणी खळखळ उकळू दे, उकळी आल्यावर निदान १ मिनिट. झाकून कोमट कर. नळाचं कच्चं पाणी नाकात नकोच, फिल्टरचंही उकळूनच घे. त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत शिरतो. फार क्वचित, पण जिवावरच बेततं. त्या कोमट पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा किंचित कमी, आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मेडिकलमधली नाक धुण्याची तयार पुडी घेतलीस तर मापाची कटकटच नाही.

बेसिनवर वाकून मान एका बाजूला कलती कर, तोंड उघडं ठेव आणि वरच्या नाकपुडीत नेतीच्या भांड्यानं हळूहळू ओत. खालच्या नाकपुडीतून बाहेर येईल. झोंबलं तर मिठाचं माप चुकलंय किंवा पाणी गार झालंय. घशात उतरलं तर डोकं मागे गेलंय. नंतर पुढे वाकून एकेक नाकपुडी हलकेच शिंकर. दोन्ही दाबून जोरात शिंकरलंस तर पाणी कानाकडे जातं अन् दडे बसतात. भांडं धुऊन पालथं वाळव. सकाळ-संध्याकाळ पुरे.

वाफेसाठी गंजात लिटरभर पाणी, त्यात चमचाभर ओवा हातावर चुरडून. गंज गॅसवरून उतरवून टेबलावर आत सरकवून ठेव आणि दोन मिनिटं थांब. चेहरा हातभर लांब, डोळे मिटलेले, पाच-सात मिनिटं. निलगिरी दोनच थेंब. जास्त टाकली की डोळे चुरचुरतात, आत काही जास्त पोचत नाही. पोरांना मात्र गंजावर बसवू नकोस, भाजण्याचे अपघात असेच होतात. त्यांच्यासाठी नुसती गरम पाण्याची आंघोळ. कापूरही त्यांच्यापासून लांब.

रात्रीसाठी ओवा तव्यावर कोरडाच परतून पातळ फडक्यात पुरचुंडी बांध आणि हुंग. काढ्यात आलं, तुळस, दोन मिरे. घशाला बरं वाटतं, सायनस त्यानं उघडत नाही. ज्येष्ठमध तुझ्या वाट्याला नको, बीपी वाढतं. आणि सर्दीत संत्री बंद करायचं इथल्या आयाबायांचं फर्मान तू खुशाल मोडू शकतोस, संत्र्यानं सायनस वाढत नाही.

नाक मोकळं करणारे थेंब पाचएक दिवसांपुढे ओढू नकोस, थांबवले की नाक दुप्पट चोंदतं.

साधं असेल तर ७ ते १० दिवसांत उतार पडतो. दहा दिवस उलटले, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर डॉक्टर गाठ. एकाच गालात दुखून नाकाला घाण वास येत असेल तर वरच्या दाढा दाखव, मूळ बऱ्याचदा तिथंच असतं. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणं, मान ताठणं यात त्याच दिवशी दवाखाना. वहिनींना मधुमेह आहे. त्यांच्या नाकातून काळपट काही आलं तर तासभरही वाट पाहू नका.

मे महिन्यात लग्नाला येशील तेव्हा कूलरच्या झोतात झोपू नकोस. मागच्या सालच्या कुबट ताट्या तशाच लावलेल्या असतात, त्यांची बुरशी थेट नाकात जाते. मी तुझ्या खोलीतल्या बदलून ठेवतो.

तुझा,
सुधीर