कात्रजच्या घाटाबद्दल, फक्त तुला

पुणे, २१ जानेवारी

प्रिय पद्या,

फोटो मिळाला असेलच. हातात शिक्के मारलेलं कार्ड, आणि तोंड असं की विनातिकीट पकडलाय. रात्री दोनच्या सुमाराचा आहे, तेव्हा तोंडाला माफ कर. ३०० किलोमीटर सायकल, १९ तास ४८ मिनिटं. मुदत २० तासांची. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले, सोसायटीत नारळ-शाल द्यायचं घाटतंय. तुला मात्र खरं काय झालं ते लिहितो. फोनवर सांगत नाही, कारण कात्रजचं नाव काढलं की तू फिदीफिदी हसणार आणि माझं राहून जाणार.

प्रकार असा, की लांब पल्ल्याच्या या सायकलफेरीला बीआरएम म्हणतात. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, मुदतीत पोचलास की झालं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. नियम पॅरिसच्या एका क्लबाचे, 'ऑडॅक्स क्लब पॅरिझियाँ', स्थापना १९०४ ची. आपण उंब्रजला घाम गाळायचा आणि त्याची नोंद व्हायची पॅरिसला, ही गंमत मला फार आवडते. मागून गाडी नाही, पाण्याची बाटली घेऊन उभा मेव्हणा नाही. लागेल ते रस्त्यात विकत घ्यायचं. हिशेब पडतो तासाला पंधरा किलोमीटरचा. ऐकायला इतकं सोपं वाटलं की मी पैसे भरून मोकळा झालो. त्या पंधरात चहा, पंक्चर, आडोशाला जाणं, सगळं धरलेलं असतं हे परतीच्या साताऱ्याला कळलं.

सकाळी सहाला स्वारगेटहून निघालो. अंधार, थंडी, पन्नासेक लाल दिवे लुकलुकत पुढे चाललेले. जुना कात्रज झोपेतच चढला. शिरवळला नीरा ओलांडली, खंबाटकीत फार हाल झाले नाहीत, सुरूर-भुईंज मागे पडलं आणि साताऱ्यात बारा वाजता मी स्वतःवर इतका खूश होतो की तुझ्यासाठी पाव किलो कंदी पेढे घेतले आणि पाठीमागच्या खिशात कोंबले. उंब्रजच्या थोडं पुढे दीडशे पुरे, तिथूनच परत फिरायचं. शिक्का मारून घेतला तेव्हा सव्वातीन. चारच्या आत पोचायचं होतं, म्हणजे पाऊण तास हातात. राइसप्लेट खाल्ली. चूक तीच, वरण-भातानंतर पोटाला सायकल मान्य नसते.

परतीला समोरून वारा. आणि अतीतच्या अलीकडे मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, हातपंपाने हवा भरताना खांदे उतरले, आणि तीन किलोमीटरवर फुस्स! जवळची एकुलती एक ट्यूब संपलेली. ट्रकची पंक्चरं काढणारं एक खोपटं दिसलं, तिथवर ढकलत नेली. तिथला पोरगा असेल अठरा-एकोणीसचा. तो ट्यूबकडे बघेचना. टायर उलटा करून आतून अंगठा फिरवायला लागला, अगदी सावकाश, आजी तांदूळ निवडायची तसा. एका जागी थांबला. माझा अंगठा धरून तिथे टेकवला. काहीतरी टोचलं, दिसत काही नव्हतं. पकडीने ओढून काढली ती तार, केसाएवढी जाड, नखाएवढी लांब. ट्रकचे टायर फुटले की आतल्या अशा तारा रस्त्यावर विखरून पडतात आणि आपल्या पातळ टायरात शिरून बसतात. मी ट्यूब बदलली होती, तार आतच. पोरगा म्हणाला, "काका, पुन्याला सायकलीवं? यष्टी चुकली का?" तीस रुपये घेतले. चहाचे घेईना.

या भानगडीत तासभर गेला. पुढचं सगळं त्या एका तासाच्या मागे धावणं. साताऱ्याला सात वाजले. करंगळ्या बधिर झालेल्या, पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होतो. बुडाबद्दल काही लिहीत नाही, हिलाही सांगितलेलं नाही. सगळ्यात भीती कसली वाटली सांगू? उसाच्या ट्रॅक्टरची. हंगाम चालू आहे, एकेकामागे दोन-दोन ट्रॉल्या, गाणी ठणठणा, आणि मागे दिवा म्हणून काही नाही. अंधारात आधी उसाचा वास येतो, मग गाणं, मग एकदम नाकासमोर पाचटाची भिंत. खंबाटकीला येताना बोगदा आहे, पुण्याकडची वाहतूक त्यातूनच जाते. आत मागून ट्रक शिरला की आवाजाने वाटतं, आता अंगावरच आला. आईशप्पथ, मी आतमध्ये मोठ्यांदा रामरक्षा म्हटली. अर्धीच येते, तीच दोनदा म्हटली.

आणि आता कात्रज. १९९१ आठवतंय? अकरावी, तुझी अॅटलस, माझी दादाची कुरकुरणारी. घाटात मी उतरलो आणि ढकलत आलो. तू बोगद्याच्या तोंडाशी कठड्यावर बसून शेंगा खात होतास. म्हणालास, "आली का पायी दिंडी?" कॉलेजभर मी 'दिंडी' झालो. तर पद्या, परवा रात्री पाऊण वाजता, शिंदेवाडीच्या पुढे चढ लागल्यावर, उजव्या पोटरीत गोळा आला. पाय पेडलवरून सुटेना, तसाच आडवा झालो, डांबरावर. उठलो, बसलो, दोन पेडल मारले, पुन्हा गोळा. मग उतरलो आणि ढकलली. नियमात बसतं, चालत जायला कुणाची ना नाही. पण वरचा पट्टा मी चाललो आहे, आणि हे फोटोत दिसत नाही. सत्काराच्या भाषणातही येणार नाही. दोन जण मागून आले, "काका, ठीक ना?" म्हणाले. मी म्हटलं, "हो हो, पाय मोकळे करतोय."

बोगदा पार करून बाहेर आलो तर खाली सगळं पुणं दिवे लावून बसलेलं. एक वाजून दहा मिनिटं. तुझा कठडा कुठला ते काही ओळखू आलं नाही. सगळं रुंद करून टाकलंय. एका कडेला टेकलो, पोटरी चोळली. उतार मला अजून जमतो, मग बालाजीनगर, पद्मावती, ओळखीची कुत्री मागे लागली, स्वारगेटला बारा मिनिटं उरली होती. शिक्का मारणाऱ्या पोरीने खुर्ची दिली. बसलो असतो तर उठलो नसतो, म्हणून उभाच राहिलो.

पेढ्यांचं मात्र ऐक. खंबाटकीआधी दोन खाल्ले, जीव जात होता. शिरवळला चार. खेड शिवापूरला मोजले नाहीत. बोगद्याबाहेर टेकलो तेव्हा एक तुझ्या नावाने खाल्ला. तीन उरलेत, जरा दबलेले आहेत. नागपूरला कुरिअरने पाठवू, की येतोयस?

तुझा,
दिंडी